मालिकेतील मुलगी आणि घरातील मुलगी



दृढीकरण संस्काराच्या तयारीच्या वर्गात एकदा प्रेम या विषयावर चर्चा चालली होती. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील तेरावा अध्याय नुकताच वाचून झाला होता. ‘खरे प्रेम कसे ओळखावे?’ असा प्रश्न आम्ही मुलांपुढे ठेवला. नववीत शिकणारी एक मुलगी उभी राहिली आणि अगदी सहजपणे म्हणाली, “फादर, आपण नाही म्हटलं तरी तो मागे लागणं सोडत नाही, त्यावरून कळतं.” या उत्तरावर मुली हसल्या नाहीत आणि मुलगेही हसले नाहीत. सर्वांना ते बरोबर वाटले होते. संत पौलाने सांगितलेली प्रेमाची लक्षणे पाच मिनिटांपूर्वी ज्यांच्या कानावर पडली होती, त्या मुलांच्या मनात प्रेमाची दुसरीच व्याख्या आधीपासून पक्की बसलेली होती.

हे कोठे शिकलात, असे विचारल्यावर त्यांनी दोन-तीन मालिकांची नावे सांगितली. काही नावे आम्हाला ठाऊक होती, काही नव्हती. त्या दिवसापासून किशोरवयीन मुलामुलींसाठी तयार होणाऱ्या मालिका आम्ही जरा लक्षपूर्वक पाहू लागलो आणि त्यांविषयी जे वाचायला मिळाले तेही वाचले. धर्मगुरूने संध्याकाळच्या वेळी मालिका पाहत बसावे, हे आमच्या काही ज्येष्ठ वाचकांना रुचणार नाही. परंतु आपली मुले दररोज ज्या दुसऱ्या शाळेत जातात तेथील अभ्यासक्रम एकदा तरी चाळून पाहणे हे आईवडिलांचे तसेच मेंढपाळांचेही काम आहे, असे आम्हास वाटते.

ख्रिस्तसभेला हा विषय नवा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच संपर्कमाध्यमांविषयी स्वतंत्र आज्ञापत्र काढले होते. पुढे १९९६ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनासाठी पोप जॉन पॉल दुसरे यांनी समाजातील स्त्रीची भूमिका आणि प्रसारमाध्यमे हाच विषय निवडला. त्या संदेशात त्यांनी केवळ अश्लीलतेची तक्रार केलेली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. माध्यमांत स्त्री ही व्यक्ती म्हणून न दिसता इतरांच्या सुखाची किंवा सत्तेची वस्तू म्हणून दिसते, पत्नी व माता यांची थट्टा होते आणि नोकरी-व्यवसाय करणारी स्त्री पुरुषाचे विडंबन वाटावे अशी रंगवली जाते, असे तिन्ही दोष त्यांनी एकत्र मांडले. आपल्याकडे मात्र या विषयावर बोलायचे म्हणजे मुलींच्या कपड्यांवर बोलायचे, असा प्रघात पडून गेला आहे. पडद्यावरच्या मुलीचा झगा किती आखूड आहे हे आपण चटकन पाहतो. तिच्या शब्दाला त्या कथेत किती किंमत आहे हे पाहायला विसरतो.

थोडे मागे वळून पाहू. भारतात दूरचित्रवाणी मालिकांचे युग ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली तेव्हापासून मोजले जाते. मेक्सिकोमध्ये मिगेल साबिदो यांनी लोकशिक्षणासाठी मालिका लिहिण्याचे एक तंत्र विकसित केले होते, त्या धर्तीवर तिची आखणी झाली होती. सर्व काही निमूटपणे सोसणारी भागवंती ही आई प्रेक्षकांनी पाहावी आणि स्त्रीने असे सोसू नये हा धडा घ्यावा, अशी कर्त्यांची कल्पना होती. पण पुढे झालेल्या अभ्यासांत असे आढळले की बऱ्याच प्रेक्षकांना, आणि त्यांत स्त्रियाही होत्या, भागवंती हीच आदर्श वाटली. लेखकाने इशारा म्हणून उभे केलेले पात्र लोकांनी अनुकरणीय मानले. मालिकांच्या परिणामांविषयी जो कोणी छातीठोकपणे बोलतो त्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

त्यानंतर काही वर्षांतच, १९८९ मध्ये, ‘उडान’ आली. कविता चौधरी यांनी ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि पोलीस अधिकारी होऊ पाहणाऱ्या कल्याणीची भूमिकाही स्वतःच केली. त्यांच्या भगिनी कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या जीवनावर ती बेतलेली होती. याच कांचनताई २००४ मध्ये उत्तराखंडच्या, आणि देशातल्याही, पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. ‘उडान’ काही खास किशोरांसाठी नव्हती, पण त्या काळी घरात एकच संच आणि एकच वाहिनी असल्याने शाळकरी मुलींनी ती पाहिलीच. त्या वेळी शाळेत असलेल्या कितीतरी स्त्रिया आजही तिची आठवण काढतात.

खास किशोरांसाठी अशा मालिका खासगी वाहिन्या आल्यावर सुरू झाल्या. झी टीव्हीवर १९९८ ते २००१ या काळात ‘हिप हिप हुर्रे’ चालली. तिच्यातील शाळेचे नाव ‘डी नोबिली’ होते. मदुराईत सतराव्या शतकात तमिळ व संस्कृत आत्मसात करून राहिलेल्या त्या येशूसंघीय धर्मगुरूचे नाव अशा ठिकाणी ऐकू येईल असे आम्हाला कधी वाटले नव्हते. त्या मालिकेतील मुलींना परीक्षेची भीती होती, घरची भांडणे होती, आपसांत मैत्री होती. प्रेमप्रकरणे होतीच, पण ती अनेक गोष्टींपैकी एक होती. पुढे २००४ मध्ये स्टार वन वाहिनीवर ‘रीमिक्स’ आली. ती ‘रेबेल्दे वे’ या अर्जेंटिनातील मालिकेवरून घेतलेली होती. त्याच वाहिनीवर २००८ ते २०१० या काळात ‘मिले जब हम तुम’ ही मोरेनाहून मुंबईच्या महाविद्यालयात आलेल्या दोन बहिणींची कथा चालली. स्टार वन २०११ मध्ये बंद झाली आणि तरुणांसाठीच्या मालिका दाखविणारी चॅनल व्ही ही वाहिनीही २०१८ मध्ये बंद झाली. मुले मालिका पाहायची थांबली नाहीत. ती घरच्या संचावरून मोबाईलवर गेली, एवढाच फरक. पूर्वी आई स्वयंपाकघरातून एक कान बाहेर ठेवीत असे. आता मुलांच्या कानात इअरफोन असतात आणि आपली मुलगी काय पाहते हे आईला कळत नाही.

‘नाही’ या शब्दाचे काय होते

आता त्या नववीतील मुलीच्या उत्तराकडे वळू. प्रेमकथेवर चालणाऱ्या बहुतेक मालिकांचा साचा एकच असतो. मुलगा आणि मुलगी यांची पहिली भेट भांडणाने होते. मुलगा श्रीमंत, उद्धट आणि देखणा असतो. तो तिची फजिती करतो, तिच्या वाटेत उभा राहतो, तिचे पुस्तक किंवा ओढणी ओढतो. ती चिडते. पार्श्वसंगीत मात्र गोड वाजत असते. ती त्याला स्पष्ट शब्दांत नकार देते. तो तिच्या वसतिगृहाच्या खिडकीखाली जाऊन गाणे म्हणतो. पुढे केव्हातरी ती संकटात सापडते, तो तिला वाचवतो, आणि आतापर्यंतचा सारा छळ म्हणजे प्रेमच होते असे तिला आणि आपल्याला एकदमच उमगते.

असे का लिहिले जाते, याचे कारण केवळ लेखकाच्या मनातील विकृतीत शोधणे बरोबर होणार नाही. आठवड्यातून चार-पाच दिवस चालणाऱ्या मालिकेला शेकडो भाग भरावे लागतात. मुलीच्या नकाराला मुलाने मान दिला तर कथा तेथेच संपते. त्यामुळे तिचा नकार हा नकार राहत नाही. तो होकाराला लागलेला विलंब ठरतो. जितका विलंब अधिक, तितके भाग अधिक आणि तितक्या जाहिराती अधिक. हा हिशोब निर्मात्याचा आहे. पण वीस-तीस भाग पाहणाऱ्या मुलाच्या मनात मुलीचे ‘नाही’ म्हणजे ‘अजून थोडा प्रयत्न कर’ असा अर्थ रुजतो. मुलीच्या मनात त्याहून घातक गोष्ट रुजते. आपल्याला जे त्रासदायक वाटते तेच कदाचित प्रेम असेल, तेव्हा आपल्या भीतीवर विश्वास ठेवू नये, असे ती शिकते.

येथे कायदा काय म्हणतो तेही सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ पालकांना ते ठाऊक नसते. स्त्रीने नापसंती स्पष्ट दर्शविल्यानंतरही वारंवार तिचा पाठलाग करणे, तिच्याशी संपर्क साधू पाहणे, किंवा तिच्या इंटरनेट-वापरावर पाळत ठेवणे हा २०१३ पासून भारतात स्वतंत्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ रोजी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ खाली येतो. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मालिकेतील नायकाने पहिल्या पंधरवड्यात जे केलेले असते त्यावर एखाद्या प्रामाणिक फौजदाराला सहज आरोपपत्र लिहिता येईल.

देह आणि आरसा

दुसरा मुद्दा शरीराचा. फिजी बेटांवरील नाद्रोगा या भागात १९९५ पर्यंत दूरचित्रवाणी नव्हती. तेथे अंगाने भरलेल्या स्त्रीचे कौतुक होत असे, पाहुण्याला पोटभर जेवू घालणे हा शिष्टाचार होता आणि कोणी वाळू लागले तर घरचे लोक काळजीत पडत. हार्वर्ड विद्यापीठातील ॲन बेकर यांनी दूरचित्रवाणी आली त्या वेळी, आणि पुन्हा तीन वर्षांनी १९९८ मध्ये, तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली. अन्नाविषयी अनारोग्यकारक वृत्ती दाखविणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेले होते. वजन उतरावे म्हणून मुद्दाम उलटी करणाऱ्या मुली पहिल्या पाहणीत एकही नव्हत्या. दुसऱ्या पाहणीत त्या ११ टक्के होत्या. प्रत्येक वेळी साठ-पासष्ट मुलीच पाहणीत होत्या, म्हणून या आकड्यांवर फार मोठा इमला उभारू नये. पण त्या मुलींनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेले कारण महत्त्वाचे आहे. पडद्यावरील अमेरिकी मुलींसारखे दिसलो तर आपल्यालाही चांगली नोकरी आणि चांगले आयुष्य मिळेल, असे त्यांना वाटू लागले होते.

त्या मुली ज्या मालिका पाहत होत्या त्यांत ‘बेव्हर्ली हिल्स ९०२१०’ ही एक होती. १९९० मध्ये ती सुरू झाली तेव्हा अँड्रिया या शाळकरी मुलीची भूमिका करणाऱ्या गॅब्रिएल कार्टेरिस २९ वर्षांच्या होत्या. यात कोणाची लबाडी आहे असे नाही. अमेरिकेत अल्पवयीन कलाकारांच्या कामाच्या तासांवर कायद्याने मर्यादा आहेत, त्यांच्या शिक्षणाची सोय चित्रीकरणाच्या जागी करावी लागते. म्हणून निर्माते वयाने मोठी नटनटी घेतात. आपल्याकडेही महाविद्यालयीन तरुणीचे काम अनेकदा पंचविशी ओलांडलेली अभिनेत्री करते. परिणाम असा होतो की पंधरा वर्षांची मुलगी आरशात स्वतःचे मुरुमांचे तोंड पाहते आणि त्याची तुलना रंगभूषाकार, प्रकाशयोजनाकार व केशभूषाकार यांनी मिळून सजविलेल्या प्रौढ स्त्रीशी करते. त्या स्त्रीला ती आपल्याच वयाची समजत असते!

चष्मा काढल्याबरोबर सुंदर होणारी मुलगी हा याच नाण्याचा दुसरा पैलू. सोनी वाहिनीवर २००३ मध्ये सुरू झालेली ‘जस्सी जैसी कोई नहीं’ ही कोलंबियातील एका गाजलेल्या मालिकेची भारतीय आवृत्ती होती. दातांना तार, डोळ्यांवर जाड चष्मा आणि डोक्यात हिशोबाची तल्लख बुद्धी असलेली जस्सी घराघरांत आवडली. तिच्यासारख्या दिसणाऱ्या शाळकरी मुलींना पहिल्यांदाच नायिका आपली वाटली. आणि मग मालिकेच्या मध्यावर तिचा कायापालट करण्यात आला. ज्या मुलींनी तिच्या चष्म्यावर प्रेम केले होते त्यांना त्या दिवशी काय वाटले असेल, याचा विचार कोणी केला होता की नाही कोण जाणे.

दोन मुली कशाविषयी बोलतात

ॲलिसन बेक्डेल या अमेरिकी व्यंगचित्रकर्तीने १९८५ मध्ये, एका मैत्रिणीने सुचवलेली एक साधी कसोटी आपल्या चित्रमालिकेत मांडली. कथेत किमान दोन स्त्रिया आहेत काय? त्या एकमेकींशी बोलतात काय? आणि पुरुष सोडून दुसऱ्या एखाद्या विषयावर बोलतात काय? बेक्डेल यांची सर्व मते आम्हाला मान्य आहेत असे नाही, पण ही कसोटी घरी बसून कोणालाही लावता येते. मालिकेतील दोन मैत्रिणी अभ्यास, पैसा, आजारी आजी, देव, पाऊस यांपैकी कशाविषयीही न बोलता सतत एका मुलाविषयीच बोलत असतील, तर मुलीच्या डोक्यात दुसरे काही नसते असे लेखक आपल्याला सांगत असतो. संत लूकच्या पहिल्या अध्यायात मरिया डोंगराळ प्रदेशातून वाट काढीत अलिशिबेच्या घरी जाते. दोघींच्या पोटी मुलगे आहेत हे खरे. पण देवाने दीनांसाठी काय केले यावर त्या बोलतात, सत्ताधीशांच्या सिंहासनांविषयी बोलतात. जखऱ्या तर त्या वेळी मुकाच आहे.

मराठीत या बाबतीत एक चांगले उदाहरण घडले. झी मराठीवर २०१५-१६ मध्ये चाललेल्या ‘दिल दोस्ती दुनियादारी’ या मालिकेत मुंबईतील एका घरात एकत्र राहणाऱ्या सहा तरुण मुलामुलींची कथा होती. लग्न करून मुंबईत आलेल्या रेश्माला आपल्या नवऱ्याचे मन दुसरीकडे आहे हे कळते, आणि ती या घरात येते. लग्न मोडले म्हणजे मुलगी संपली, असे तेथे कोणी म्हणत नाही. स्वयंपाक, घरभाडे, नोकरी, राग, विनोद यांतून ती हळूहळू उभी राहते. अविवाहित मुलामुलींनी एका छताखाली राहण्याविषयी आमचे मत वेगळे आहे आणि ते आम्ही लपवीत नाही. पण त्या घरातील मुली माणसे म्हणून लिहिल्या गेल्या होत्या, हे मान्य केलेच पाहिजे.

आपल्या समाजातील मुलींचा एक जुना प्रश्न येथे ओघाने येतो. हिंदी चित्रपटांतील ख्रिस्ती तरुणी म्हणजे आखूड झगा, हातात प्याला, तोंडी मोडकी हिंदी आणि नाव मोनिका किंवा लिली, हे समीकरण कित्येक वर्षे टिकले. वसईच्या वाडीतून पहाटेच्या गाडीने भाजी व फुले घेऊन मुंबईच्या बाजारात जाणारी लुगड्यातील ख्रिस्ती स्त्री त्या पडद्यावर कधी दिसली नाही. शहरातील महाविद्यालयात प्रथमच गेलेल्या आमच्या मुलींना ‘तू ख्रिश्चन, मग तुझ्या घरी सगळं चालत असेल’ हे ऐकावे लागते. हा चित्रपटांचा वारसा काही मालिकांनीही पुढे चालविला.

सर्वच काळे नाही

येथवर वाचून कोणी संच विकायला काढील, म्हणून एक उलट बाजूचे संशोधन सांगतो. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळात बिहार, हरियाणा, तमिळनाडू, गोवा व दिल्ली येथील गावांची पाहणी केली. त्यांतील काही गावांत याच काळात केबल आली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की केबल आलेल्या गावांत, नवऱ्याने बायकोला मारणे योग्य मानणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटले, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला आणि घरच्या निर्णयांत स्त्रियांचा शब्द वाढला. गंमत अशी की त्या काळी केबलवर सासू-सुनांच्याच मालिकांचे राज्य होते. शहरातल्या टीकाकारांनी, आणि आम्हीही, त्या मालिकांना मागासलेल्या म्हणून नावे ठेवली होती. पण जिला एकटीने बाजारात जाण्याचीही परवानगी नव्हती तिने त्याच मालिकांत शिकलेली, घराबाहेर जाणारी, चारचौघांत बोलणारी स्त्री पाहिली. एकच चित्र कोणाला खाली ओढते आणि कोणाला वर उचलते, हे ती कोठे उभी आहे यावर अवलंबून असते. म्हणून सरसकट बंदीने काही साधत नाही, असे आमचे मत झाले आहे.

वेगळ्या रीतीने मालिका करता येते याचे एक उदाहरण नॉर्वेत आहे. तेथील सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०१५ ते २०१७ या काळात ‘स्काम’ ही मालिका सोळा वर्षांच्या मुलींना समोर ठेवून केली. लेखिका-दिग्दर्शिका युली आंदेम यांनी आधी कितीतरी किशोरवयीनांशी बोलून घेतले आणि नवख्या, भूमिकेच्या वयाच्या जवळपास असलेल्या कलाकारांना घेतले. दुसऱ्या पर्वात आपल्यावर अत्याचार झाला असावा या शंकेने हादरलेली मुलगी आहे. ती गप्प बसत नाही, मैत्रिणींच्या आधाराने वैद्यकीय मदत घ्यायला जाते. चौथे पर्व हिजाब घालणाऱ्या श्रद्धावान मुस्लिम मुलीचे आहे, आणि तिची प्रार्थना हा तेथे थट्टेचा विषय नाही. या मालिकेतील सारेच काही आम्ही आमच्या मुलांच्या हाती देणार नाही. परंतु श्रद्धा असलेली मुलगी मालिकेची नायिका होऊ शकते, हे दाखवायला नॉर्वेला जावे लागावे याचे वाईट वाटते.

मार्च २०२५ मध्ये आलेल्या ‘ॲडोलसेन्स’ या चार भागांच्या ब्रिटिश मालिकेची चर्चा आपल्याकडेही झाली. तेरा वर्षांच्या मुलावर वर्गातील मुलीच्या खुनाचा आरोप येतो. ही मालिका इंग्लंडमधील माध्यमिक शाळांत दाखविण्याची सोय झाली. तिच्यातील एक महिला पोलीस अधिकारी एका प्रसंगी खंतावून म्हणते की लोक त्या मुलालाच लक्षात ठेवतील, केटीला कोणी लक्षात ठेवणार नाही. आणि खरोखर, चार भाग संपेपर्यंत केटी आपल्याला भेटतच नाही. लेखकांना आपली त्रुटी ठाऊक होती, म्हणून त्यांनी ती पात्राच्या तोंडी घातली. तरी ती राहिलीच.

आमची स्वतःची संहिता

बोट दुसऱ्याकडे दाखवताना आपल्या रंगमंचाकडेही पाहावे लागेल. आपल्या धर्मग्रामांतून संत मारिया गोरेत्ती हिच्या जीवनावरील नाट्यप्रवेश वर्षानुवर्षे होत आले आहेत. तेही किशोरांसाठीच असतात. अकरा वर्षांच्या मारियावर ५ जुलै १९०२ रोजी आलेसांद्रो सेरेनेल्ली या वीस वर्षांच्या शेजारी तरुणाने वार केले. दुसऱ्या दिवशी, त्याला क्षमा करून, ती मरण पावली. १९५० मध्ये तिला संतपद मिळाले. आमच्या नाट्यप्रवेशांत हे सर्व असते आणि शेवटी निवेदक सांगतो की तिने शील गमावण्यापेक्षा मरण पत्करले. सभागृहात बसलेल्या, लहानपणी कोणा नातेवाइकाच्या हातून अत्याचार सोसलेल्या आणि जिवंत राहिलेल्या मुलीला त्या वाक्यातून काय ऐकू येते? तू मेली नाहीस, म्हणजे तू दोषी आहेस. हा अर्थ ख्रिस्तसभेने कधीही शिकवलेला नाही. इ. स. ४१० मध्ये रोम लुटले गेले तेव्हा अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर बलात्कार झाले. त्यांना बोल लावणाऱ्यांना संत ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात उत्तर दिले आहे. पावित्र्य हे मनाच्या संकल्पात असते, दुसऱ्याच्या पापाने ते नष्ट होत नाही, असा त्याचा निर्वाळा आहे. सेमिनरीत आम्ही तो शिकलो. रंगमंचावर आणि व्यासपीठावर मात्र तो पोहोचला नाही.

नाट्यप्रवेशांत आणखी एक गोष्ट गाळली जाते. आलेसांद्रोने त्या दिवशी एकाएकी हल्ला केला नव्हता. तो आधीपासून तिच्या मागे लागला होता. तिने नकार दिला होता, आणि आईला सांगितलेस तर ठार मारीन अशी धमकी त्याने तिला दिली होती. मारिया त्या धमकीखाली गप्प राहिली. आज आपल्या देशात बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा २०१२ चा कायदा आहे. असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळविणे त्याने प्रत्येकावर, आणि धर्मगुरूंवरही, बंधनकारक केले आहे. मग त्या प्रवेशात ‘बाळ, धमकी दिली तरी आईला सांग’ हे वाक्य का नसावे? आलेसांद्रोने २७ वर्षे तुरुंगात काढली, तो पालटला, कापुचिन बंधूंच्या मठात राहिला. १९६१ साली लिहिलेल्या निवेदनात त्याने म्हटले आहे की तरुणपणी आपल्या वागण्यावर छापील मजकुराचा, प्रसारमाध्यमांचा आणि बहुतेक तरुण विचार न करता गिरवतात त्या वाईट उदाहरणांचा प्रभाव होता. १९०२ साली दूरचित्रवाणी नव्हती.

पालक आम्हाला विचारतात, मग करावे काय? मोबाईल हिसकावून घेतल्यास मुलगी मैत्रिणीच्या मोबाईलवर पाहते, हा अनुभव घरोघरी आहे. आठवड्यातून एक भाग तिच्याशेजारी बसून पाहावा. मध्ये बोलू नये. आईने तर मुळीच बोलू नये, हे आम्हाला एका आईनेच सांगितले. भाग संपल्यावर एवढेच विचारावे की तू तिच्या जागी असतीस तर तुला भीती वाटली असती का. आणि हा प्रश्न घरातील मुलालाही विचारावा. आपल्याकडे शिकवण मुलीला दिली जाते आणि रिमोट मुलाच्या हातात असतो.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्या वर्गात आलेसांद्रोची कथा त्याच्या बाजूने सांगितली, म्हणजे तो कसा मागे लागला होता, कसा ऐकत नव्हता, हे आधी. मग विचारले, हे प्रेम होते का? बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “फादर, मग एखादी आवडते हे तिला सांगायचं तरी कसं?” आम्ही म्हणालो, एकदा सांगायचे, नीट सांगायचे, आणि ती काय म्हणते ते ऐकायचे.

“मग मालिका पहिल्याच दिवशी संपेल, फादर,” तो म्हणाला. या वेळी मात्र वर्ग हसला.